निरोप पोचला का? : सातारा-सांगलीतल्या एका शब्दाचा मागोवा

गेल्या उन्हाळ्यात कराडच्या एस.टी. स्टँडवर पाटणच्या गाडीत बसलो होतो. खिडकीखाली उभी राहून एक म्हातारी कंडक्टरला सांगत होती, "मल्हारपेठंला आमचा नातू उभा आसंल. त्येला म्हणावं, आज्जीचा निरोप हाय. उद्या यिऊ नगंस, मीच परवा येती." कंडक्टर हसून म्हणाला, "आज्जी, फोनवर मेसेज टाकायचा की." त्यावर म्हातारी म्हणाली, "नातीनं टाकलाय मेसेज. पर पोचला का न्हाई, कुणाला इचारू? तुमी सांगितलं म्हंजी सांगितलं."

गाडी सुटली, पण ते वाक्य माझ्याबरोबर प्रवासाला आलं. आयुष्यभर मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर सातारा-सांगलीच्या इतिहासाची पुस्तकं चाळत बसलो. तरी 'मेसेज' आणि 'निरोप' यांतला फरक इतक्या नेमकेपणानं कुणी सांगितल्याचं आठवेना. मेसेज टाकला जातो, निरोप सांगितला जातो. टाकणाऱ्याचं काम टाकलं की संपतं. सांगणाऱ्याचं काम ऐकणाऱ्यानं ऐकल्यावर संपतं.

'मेसेज' हा शब्द आता मराठीच झाला आहे. त्याला आपण पुल्लिंगही देऊन टाकलं आहे. बहुधा 'निरोप' किंवा 'संदेश' यांच्या जागी तो बसला म्हणून. तो येतो, जातो, पडतो, 'फॉरवर्ड' होतो. गॅस सिलिंडरचा मेसेज येतो, बँकेचा येतो, वीजबिलाचा येतो. सिनेमा बघून आल्यावर शेजारी विचारतात, "मेसेज काय दिलाय?" म्हणजे तात्पर्य काय. एखाद्या पुढाऱ्यानं एखाद्याला तिकीट नाकारलं, की कार्यकर्ते म्हणतात, "योग्य तो मेसेज गेला." म्हणजे न बोलता दिलेला इशारा. शिक्षक वर्गात, डॉक्टर दवाखान्यात, सासू सुनेच्या माहेरी मेसेजच देते. एवढे अर्थ पोटात घेतलेला शब्द वाईट नव्हे. पण त्याच्या पोटात काय काय विरघळून गेलं, हे पाहण्यासारखं आहे.

आमच्या भागात पूर्वी एवढ्या कामांसाठी वेगवेगळे शब्द होते. पाहुण्यांकडे माणूस धाडून कळवायचं तो सांगावा. जेवायला बोलवायचं ते आवतण. चौकीत किंवा चावडीवर जाऊन कळवायची ती वर्दी. हलगी किंवा डफ वाजवून गावाला सांगायची ती दवंडी. मोठ्यांनी लहानांना, पुढाऱ्यांनी जनतेला द्यायचा तो संदेश. दुरून आलेली ती बातमी, आणि कानाशी लागून आलेली ती खबर. या प्रत्येक शब्दात कुणी, कुणाला, कोणत्या नात्यानं सांगितलं हे आधीच भरलेलं असे. सांगावा आला म्हटलं, की तो घेऊन कोण आलं हा पुढचा प्रश्न ठरलेला.

या सगळ्यांत 'निरोप' सर्वांत जुना आणि सर्वांत खोल. तो 'निरूपण' या कुळातला. जुन्या मराठीत 'निरोपणे' म्हणजे सांगणे, उलगडून सांगणे. कीर्तनात बुवा निरूपण करतात आणि कंडक्टर निरोप देतो, ही दोन्ही एकाच घरातली माणसं. इंग्रजी 'मेसेज'चं मूळ मात्र लॅटिन भाषेतल्या 'पाठवणे' या अर्थाच्या धातूत आहे. म्हणजे एका शब्दाची नजर पाठवण्यावर आहे, दुसऱ्याची सांगण्यावर. आणि निरोपाला दुसराही एक अर्थ आहे. मोल्सवर्थच्या कोशात निरोप म्हणजे कळवलेली गोष्ट आणि निरोप म्हणजे जाण्याची परवानगी, हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सापडतात. निरोप देणे आणि निरोप घेणे. दोन्हींत समोर माणूस लागतो.

हा फरक नुसता भाषेचा असता, तर दिवाळी अंकाची पानं अडवली नसती. पण या दोन जिल्ह्यांच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात काही प्रसंग असे आहेत, की त्यांत निरोप निघाला पण पोचला नाही, किंवा पोचण्याची काही आशा नसताना पोचला. ते एकापुढे एक ठेवले, की म्हातारीच्या प्रश्नाचं वजन कळतं.

पहिला प्रसंग साताऱ्याचा. मराठेशाहीत 'वकील' म्हणजे कोर्टात उभा राहणारा नव्हे. एका दरबाराचं म्हणणं दुसऱ्या दरबारात मांडणारा माणूस. धन्याचं म्हणणं त्यानं आपल्या तोंडानं, पण धन्याच्या शब्दांत मांडायचं. जासूद आणि हरकारे कागद नेत. वकील बोलणं नेई. सप्टेंबर १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कटाच्या आरोपांवरून गादीवरून काढलं आणि पुढे काशीला नेऊन ठेवलं. आरोप खोटे आहेत, आमचं म्हणणं ऐकून घ्या, एवढाच महाराजांचा निरोप होता. तो घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले.

ते तिथं जवळजवळ चौदा वर्षं राहिले. अर्ज केले, पुस्तिका छापल्या, कंपनीच्या भागधारकांच्या सभा गाठल्या. जॉर्ज टॉमसन आणि जोसेफ ह्यूम यांच्यासारखे लोक साताऱ्याच्या बाजूनं बोलले. सगळं छापून झालं, सगळं बोलून झालं. पण ज्यांनी ऐकायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. दरम्यान ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीला वारले. त्यांच्या जागी बसवलेले बंधू शहाजी एप्रिल १८४८ मध्ये वारले. त्यांनी अखेरच्या घडीला घेतलेलं दत्तक डलहौसीनं मानलं नाही आणि सातारचं राज्य खालसा झालं. निरोप देणारा धनी गेला, ज्या गादीसाठी निरोप होता ती गादी गेली, आणि वकील लंडनमध्ये अजून तोच निरोप सांगत होता. १८५३ साली ते कर्जबाजारी होऊन परतले.

पुढची कथा साताऱ्यात सर्वांना ठाऊक आहे. १८५७ च्या उठावात त्यांचं नाव आलं. सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः मात्र कंपनीच्या हाती कधीच लागले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो याच जिद्दीमुळे. मला या चरित्रात एक गोष्ट सतत खुपते. रंगो बापूजींकडून निरोप सांगण्यात कसूर झाली नाही. निरोप शब्दशः पोचला. ऐकला गेला नाही. म्हणजे पोचण्याच्याही पुढे एक पायरी असते, आणि ती निरोप्याच्या हातात नसते.

रंगो बापूजी परतल्यानंतर दोनच वर्षांत, १८५५ मध्ये, हिंदुस्थानात विजेची तार लोकांसाठी खुली झाली. त्याआधीच्या वर्षी देशभर अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागलं होतं, आणि १८७९ मध्ये एका पैशाचं कार्ड आलं. निरोप्याची गरज संपली असं वाटण्याजोगा हा काळ. कृष्णाकाठच्या खेड्यांत मात्र तारेचा अर्थ वेगळाच झाला. धातूचा धागा तो तार, आणि त्यातून येणारा मजकूर तीही तार. शब्द एकच असला, तरी लोकांच्या मनात तार म्हणजे मरणाची बातमी. माझ्या लहानपणी तारवाला गल्लीत शिरला, की लिफाफा फोडण्याआधीच बायका रडायला लागत. मग कुणी तरी इंग्रजी वाचणारा शोधून आणायचा. एकदा एका घरात अशीच रडारड झाली, आणि मास्तरांनी वाचून सांगितलं, की मुंबईच्या भावाला मुलगा झाला आहे. कार्डाचंही तसंच. वर 'श्री' नसला, की वाचण्याआधीच अर्थ कळे. यंत्रानं मजकूर वेगानं आणला, पण समजून सांगायला पुन्हा माणूसच लागला.

आता दुसरा प्रसंग. हा मी जितक्यांदा वाचतो, तितक्यांदा मला अस्वस्थ करतो. साल १९०१. सुभेदार रामजी सकपाळ यांचं कुटुंब दापोलीहून साताऱ्याला येऊन राहिलं होतं. आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, धाकट्या भीमरावाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं होतं. रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून तिथं तलाव खोदायचं काम सरकारनं काढलं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना त्यांनी तिकडे बोलावलं. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि वारलेल्या बहिणीची मुलं अशी मंडळी निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे. अमुक दिवशी येतो, कुणाला तरी स्टेशनवर पाठवा, असं पत्र त्यांनी वडिलांना आधी धाडलं होतं.

मसूर स्टेशनवर गाडी संध्याकाळी पोचली. घ्यायला कुणी आलं नव्हतं. तास-दीड तास मुलं फलाटावर थांबली. स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली. मुलं महार आहेत असं कळताच तो पाच पावलं मागं सरला. बैलगाडीवाला कुणी तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. रात्रभरच्या प्रवासात पाण्याचा थेंब मिळाला नाही. जवळ डबा होता, पण पाण्यावाचून घास गिळेना. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मुलं गोरेगावला पोचली, तेव्हा त्यांना पाहून वडिलांना नवल वाटलं. पत्र त्यांना मिळालंच नव्हतं. चौकशीअंती कळलं, की ते आलं होतं. नोकरानं ते घेतलं होतं आणि मालकाला द्यायचं विसरला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग पुढे इंग्रजीत लिहून ठेवला. अस्पृश्यतेचा पहिला चटका म्हणून तो सांगितला जातो, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र त्यातल्या पत्रापाशी अडखळतो. ते पत्र टपालानं वेळेवर आणलं. घराच्या दारापर्यंत आलं. शेवटच्या दहा पावलांत अडलं. दुसऱ्या कुणाचं पत्र असं राहिलं असतं, तर फार तर एक संध्याकाळ वाया गेली असती; स्टेशनवर कुणी तरी पाणी दिलं असतं, कुणी गाडी जुंपली असती. या मुलांच्या बाबतीत निरोप चुकण्याची किंमत एक अख्खी रात्र तहानेनं मोजावी लागली. निरोप चुकतो सर्वांचाच. पण चुकीचा भार कुणाच्या डोक्यावर किती पडतो, हे समाज ठरवतो.

आणि यातला आणखी एक पेच. गावगाड्यात निरोप पोचवणं हे महारांचंच वतनी काम होतं. सरकारी टपाल पुढच्या गावी नेणं, अंमलदारापुढे धावणं, वसुलाबरोबर तालुक्याला जाणं, आणि गावात कुणी मेलं, की परगावच्या सोयऱ्यांना मयताचा सांगावा देणं. ऊन असो, रात्र असो, नदीला पाणी असो; नाही म्हणायची सोय नव्हती. आजोबांकडून ऐकलेलं असं, की मयताचा सांगावा घेऊन आलेला माणूस दाराबाहेरच उभा राहायचा, लांबून सांगायचा आणि भाकरी पदरात टाकून घेऊन वळायचा. सगळ्या पंचक्रोशीचं सुखदुःख ज्याच्या तोंडून जाई, त्याला घरात घेत नसत. त्याचा निरोप घरात यायचा, तो यायचा नाही. 'निरोप' शब्दाचं मी आतापर्यंत जे कौतुक केलं, त्यावर हा डाग आहे, आणि तो लपवून शब्दाचा इतिहास लिहिता येणार नाही. माणूस समोर असणं हेच ज्या शब्दाचं मर्म, तो शब्द वाहणाऱ्या माणसाकडेच समाजानं पाठ फिरवली होती.

हे काम 'वतन' या गोड नावाखाली बांधून घातलं होतं ते १८७४ च्या मुंबईच्या वतन कायद्यानं. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या त्याच मुलानं मोठेपणी, मार्च १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात तो कायदा बदलण्याचं विधेयक मांडलं. ही वतनं प्रत्यक्ष नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. तोवर सांगावे चालतच होते.

याच मुलखात, रेल्वेच्या त्याच पुणे-मिरज रस्त्यावर, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथून एक पत्रक सुरू केलं. त्याचं नाव होतं 'किर्लोस्कर खबर'. कारखान्याच्या नांगरांची, यंत्रांची माहिती गिऱ्हाइकांना कळवावी एवढाच सुरुवातीचा बेत. पण बघता बघता ते मराठी मध्यमवर्गाचं घरचं मासिक झालं. भाषाशुद्धीच्या काळात 'खबर' या परभाषेतल्या शब्दाला सावरकरांनी हरकत घेतली आणि पुढे नाव नुसतं 'किर्लोस्कर' झालं. तुम्हां-आम्हां वाचकांना ही गोष्ट माहीत असते. पण किर्लोस्करवाडीहून शिव ओलांडून कुंडलला गेलं, की 'खबर' शब्द कोशातून हटवणं किती अवघड आहे, ते कळतं. तिथं १९४३ नंतर तो जिवाशी खेळणारा शब्द झाला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी पकडले गेले आणि त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात (त्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराचसा भाग होता) मोर्चे निघू लागले. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ सप्टेंबरला वडूज, १० सप्टेंबरला इस्लामपूर. वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी गोळीबारात पडले. इस्लामपूरला किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे. हे हजारो लोक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या कचेरीसमोर कसे जमले? छापखान्यावर नजर होती, टपाल उघडलं जात होतं, तार सरकारच्या हातात होती. जमले ते निरोपावर. वाडीतून वाडीत, पाणवठ्यावरून पाणवठ्यावर, बाजाराच्या दिवशी.

गोळीबारानंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही त्यातली ठळक नावं. कुंडलला तुफान सेना तयार झाली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तिनं पगाराचा पैसा नेणारी आगगाडी अडवली. चळवळीतलं एक नेहमीचं काम म्हणजे तारा तोडणं. मला यातला अर्थ फार मोठा वाटतो. सरकारची तार तुटली, की सरकार मुकं होई. प्रतिसरकारची तार तोडता येत नव्हती, कारण ती खांबांवरून जात नव्हती. ती माणसांच्या तोंडून जात होती.

त्यात बायकांचा वाटा मोठा होता. हौसाताई पाटील, राजमती पाटील, लीलाताई पाटील, इंदुताई पाटणकर ही नावं आता निदान घेतली जातात. पण ज्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत अशा कितीजणी शेतावर भाकरी नेताना निरोप नेत होत्या. माझी आजी वाळवा तालुक्यातली. ती सांगायची, "चिठ्ठी गावली तर घात. म्हणून तोंडानंच सांगायचं." तिला एकच वाक्य दिलं जाई: म्हशीची वैरण संपली, किंवा पाव्हणं येस्तारी येत्यात. त्याचा अर्थ तिला ठाऊक नसे आणि तिनं कधी विचारलाही नाही. वाक्य सांगायच्या आधी ती ऐकणाऱ्याला दोन प्रश्न विचारी, आणि सांगून झाल्यावर त्याच्याकडून तेच वाक्य परत म्हणवून घेई. "आपुन सांगितलं, एवढ्यानं भागत न्हाई. त्येनं काय ऐकलं ते बघाया लागतं." मोबाइलवरच्या दोन निळ्या खुणांपेक्षा ही पावती पक्की होती. रंगो बापूजींच्या वाट्याला नेमकी हीच पावती आली नव्हती.

पण ज्या सत्तेचा सारा कारभार निरोपावर चालतो, तिला खोट्या निरोपाचं भय सर्वांत जास्त. म्हणून 'खबऱ्या' आणि 'बातमीदार' हे शब्द त्या दिवसांत शिवीसारखे झाले. आज बातमीदार म्हणजे वर्तमानपत्राचा प्रतिनिधी. तेव्हा पोलिसांना खबर देणारा. अशांच्या पायाच्या तळव्यांवर फटके बसत, त्याला लोक 'पत्री मारणं' म्हणत, आणि प्रतिसरकारचं 'पत्री सरकार' झालं. लोकांना हे नाव इतकं पटलं, की आजही खेड्यात 'प्रतिसरकार' म्हटलं तर क्षणभर कळत नाही. आजी मात्र या पराक्रमाबद्दल बोलताना एक गोष्ट हळू आवाजात सांगायची. भावकीच्या भांडणातून कुणी तरी कुणाचं नाव खबऱ्या म्हणून घ्यायचं, आणि मग खरंखोटं करायला वेळ नसायचा. निरोप माणसाच्या तोंडून जातो, हे त्याचं बळ आणि तीच त्याची खोट.

शेवटचा प्रसंग मी स्वतः पाहिलेला. ऑगस्ट २०१९, सांगलीचा महापूर. पाऊस थांबत नव्हता, कोयनेतून पाणी सोडणं चालू होतं. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या मोबाइलवर मेसेज येत होते: अमुक वाजता अमुक हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावं. आकडे खरे असतील. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी, हे मी शेजारच्या काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, ते राहू दे. माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार, तेवढं सांगा." मला सांगता येईना. मेसेजमध्ये ते नव्हतं.

सांगलीचा माणूस पूर क्युसेकमध्ये मोजत नाही. तो आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतो. १९२९ साली बांधलेला हा पूल म्हणजे शहराची मोजपट्टी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे पोराबाळांना पाठ असतं. आणि अमक्या फुटाला पाणी कुठल्या गल्लीत शिरतं, हे त्या त्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना. त्या दिवशी रात्री आमच्या आळीतला एक पोरगा गुडघाभर पाण्यातून दार ठोठावत आला. "२००५ ला जिथपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येणार. तुमचा जिना बुडणार. आत्ता निघा." काकू निघाल्या. पाणी खरंच २००५ च्या वर गेलं. आयर्विनला सत्तावन्न फुटांच्याही पुढे. दुसऱ्या दिवसापासून वीज नव्हती, मोबाइल बंद पडले, आणि मेसेज येत असले तरी ते बघायला कुणी नव्हतं. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांची नाव उलटली. त्या गावाचं नाव घेतलं, की कृष्णाकाठ अजून गप्प होतो.

मी यंत्राच्या विरोधात नाही. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा मला वाईट वाटलं ते आठवणींपोटी. गैरसोय काहीच झाली नाही. मेसेज नसता, तर परदेशातल्या नातवंडांची खबर मला रोज मिळाली नसती. पुराच्या वेळी तो हजारोंना एकाच क्षणी सावध करू शकतो. हे कुठल्याही दवंडीला जमणार नाही. प्रश्न एवढाच, की मेसेज 'टाकला' म्हणजे जबाबदारी संपली, असं मानायची सवय आपल्याला लागली आहे. ऑफिसात, शाळेत, घरातही. "मेसेज केला होता की," हे आता उत्तर झालं आहे. म्हातारीच्या शब्दकोशात ते उत्तर नव्हतं. तिच्या मते निरोपाला तीन माणसं लागतात: देणारा, नेणारा आणि ऐकणारा. रंगो बापूजींच्या वेळी तिसरा हरला, मसूरच्या फलाटावर दुसरा विसरला, आजीच्या वेळी तिघेही जागे होते. सांगलीत आमच्या आळीत दुसरा पाण्यातून चालत आला, म्हणून काकू वाचल्या.

त्या दिवशी गाडी मल्हारपेठेला थांबली. मी मुद्दाम खिडकीतून पाहत होतो. नातू उभा होता, हातात मोबाइल. कंडक्टरनं दारातूनच हाक मारली, "आज्जीचा निरोप हाय. उद्या जाऊ नकोस, त्या परवा येणार हायत." पोरगा म्हणाला, "व्हय, मेसेज बघितलाय मी." कंडक्टर म्हणाला, "बघितलास न्हवं? मग बरं." आणि दोनदा घंटी मारून दार लावलं. परतीच्या गाडीला तो म्हातारीला काय सांगणार, हे मला ठाऊक आहे. "पोचला."